छोटी वेब कॉन्फरन्स भरवायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही काही मित्रमैत्रिणी वेबवर काम करणाऱ्यांसाठी एक दिवसाची कॉन्फरन्स भरवतो. फ्रंटएंडवाले (वेबसाइटचा डोळ्यांना दिसणारा भाग बनवणारे), डिझायनर, कंटेंट लिहिणारे, टेस्टर, एकट्याने वेबसाइटची कामं घेणारे फ्रीलान्सर असे सगळे येतात. नाशिक, कोल्हापूर, पणजी अशा ठिकाणांहून विचारणा होते, ‘आम्हालाही आमच्याकडे असं काही करायचंय, सुरुवात कुठून करू?’ प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. या उत्तरांमागे आमचं एक ठाम मत आहे, ते आधीच सांगतो: कॉन्फरन्स तिकिटांच्या पैशांवर उभी राहिली पाहिजे. स्पॉन्सर आला तर आनंदच आहे, पण तो आला नाही तरी ठरल्या दिवशी हॉलचं दार उघडता आलं पाहिजे.

छोटी म्हणजे नेमकी किती माणसांची?

आमच्या लेखी शंभर ते दीडशे. एक हॉल, एकच ट्रॅक (म्हणजे एका वेळी एकच भाषण), एक दिवस. दीडशेपर्यंत एकाच ठिकाणी जेवण होतं, सगळ्यांनी तेच भाषण ऐकलेलं असतं आणि चहाच्या रांगेत अनोळखी माणसाशी बोलायला विषय असतो. दोन ट्रॅक केले की हॉल दोन, साउंडवाले दोन, सूत्रसंचालक दोन, आणि प्रत्येक माणूस निम्मा कार्यक्रम चुकवतो.

एवढ्या मोठ्या कॉन्फरन्स होत असताना आणखी एक कशाला?

मोठ्या कॉन्फरन्स हव्यातच. रुबी या प्रोग्रामिंग भाषेची रुबीकॉन्फ इंडिया २०१२ आणि २०१३ मध्ये पुण्यात झाली, पुढची दोन वर्षं ती गोव्यात झाली. २०१७ मध्ये पायथन या भाषेची पायकॉन पुणे झाली. या कार्यक्रमांमुळे इथल्या पुष्कळ लोकांना पहिल्यांदा आपल्या क्षेत्रातली माणसं प्रत्यक्ष भेटली. पण तिथे बोलायला उभं राहायचं म्हणजे नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. साताऱ्यात बसून बँकेचे फॉर्म सुलभ करणारी मुलगी किंवा सांगलीत दहा वर्षं दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळणारा माणूस त्या मंचावर सहसा दिसत नाही. त्यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. छोट्या कॉन्फरन्सचं खरं काम हे आहे.

तारीख कशी ठरवायची?

आधी काय टाळायचं ते बघा. गणपतीचे दहा दिवस, दिवाळी, ३१ मार्चच्या आधीचे पंधरा दिवस आणि कॉलेजांच्या परीक्षा. पुण्यात असाल तर ज्येष्ठाच्या उत्तरार्धात पालख्या मुक्कामी येतात ते दिवसही, कारण निम्मे रस्ते बंद असतात. लग्नाचे मुहूर्त पंचांगात बघा. तुम्हाला लग्न नसलं तरी हॉल, केटरर आणि मांडववाले यांना असतं, आणि दाट मुहूर्ताच्या दिवशी ते तुमच्यासाठी भाव खाली आणणार नाहीत.

उरलेल्यात शनिवार उत्तम. रविवारी झाली तर दुपारनंतर लोकांचं लक्ष घड्याळाकडे जातं, सोमवारी कामावर जायचं असतं. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी आम्हाला सर्वात सोयीचे वाटतात: हवा चांगली, पावसाची भीती नाही, आणि कंपन्यांचं त्या वर्षाचं बजेट अजून संपायचं असतं.

हॉल बघायला गेल्यावर काय बघायचं?

कार्यक्रम ज्या वेळी असेल त्याच वेळी जा. सकाळी अकराला सुंदर दिसणाऱ्या हॉलमध्ये दुपारी चारला पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन थेट पडद्यावर येतं आणि स्लाइडवर काहीच दिसत नाही. पडदे आहेत का, ते पूर्ण ओढले जातात का, हे स्वतः ओढून बघा.

मग शेवटच्या रांगेत बसा. तुमचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून कोडची एक स्लाइड लावायला मित्राला सांगा. काळ्या पार्श्वभूमीवरचा राखाडी कोड एडिटरमध्ये छान दिसतो, पण बहुतेक हॉलच्या जुन्या प्रोजेक्टरवर तो नाहीसा होतो. वेबवर साध्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजीचं (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीचं) अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या काँट्रास्टचं ४.५:१ हे मोजमाप आहे, तेच आम्ही वक्त्यांना स्लाइडसाठी किमान म्हणून देतो आणि शक्यतो पांढरी पार्श्वभूमी ठेवायला सांगतो. प्रोजेक्टरच्या चित्राची रुंदी-उंची १६:९ आहे की ४:३, हे त्याच दिवशी लिहून घ्या.

याशिवाय: स्वच्छतागृहं (बायकांचं किती दूर आहे, तिथे पाणी आणि कचऱ्याचा डबा आहे का), व्हीलचेअर मंचापर्यंत जाते का, जनरेटर आहे का आणि त्याचं डिझेल भाड्यात धरलंय का, दुचाकी किती उभ्या राहतील, आणि मेट्रो किंवा बस थांब्यापासून चालत किती वेळ लागतो. पुण्यात वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट असे दोन्ही मार्ग २०२४ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून आम्ही मेट्रोच्या जवळचाच हॉल बघतो. पार्किंगची निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

कॉलेजने सभागृह फुकट देऊ केलं तर?

घ्या, पण दोन गोष्टी लेखी ठरवून.

पहिली, उद्घाटन. आपल्याकडे कॉलेजात कार्यक्रम म्हटला की दीपप्रज्वलन, सरस्वतीपूजन, स्वागतगीत, प्राचार्यांचं मनोगत, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत, शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि आभारप्रदर्शन हे ओघाने येतं. त्यामागे आपुलकी असते आणि यजमानांचा मान ठेवायलाच हवा. पण साडेनऊचं पहिलं भाषण पावणेअकराला सुरू झालं तर दिवसभर प्रत्येक वक्त्याची पाच-पाच मिनिटं कापावी लागतात आणि शेवटच्या वक्त्याच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या येतात. आम्ही प्राचार्यांना आधीच भेटतो, छापलेलं वेळापत्रक समोर ठेवतो आणि विनंती करतो: ‘सर, दीपप्रज्वलन आणि आपले दोन शब्द, मिळून दहा मिनिटं. सत्कार जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच करू, तेव्हा सभागृह भरलेलं असेल.’ हे समोर बसून, आदराने सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही. आयत्या वेळी चिठ्ठी पाठवली तर मात्र अपमान वाटतो, आणि तो वाटणं साहजिक आहे.

दुसरी, खुर्च्या. ‘आमची दोनशे मुलं बसतील’ असं प्रेमाने सांगितलं जातं. सक्तीने बसवलेला वर्ग आणि पैसे देऊन आलेली माणसं एका हॉलमध्ये आली की दोघांचाही दिवस वाया जातो. ज्यांना खरोखर रस आहे अशा वीस-पंचवीस विद्यार्थ्यांना नावाने बोलवा आणि त्यांना पास द्या.

खर्चाचं गणित कसं मांडायचं?

खर्चाचे दोन ढीग करा: माणसं कितीही आली तरी होणारा आणि डोक्यामागे होणारा. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावाचे भाव घाला.

पहिला ढीग: हॉल ४०,०००, साउंड, प्रोजेक्टर आणि रेकॉर्डिंग ३५,०००, वक्त्यांचा प्रवास आणि मुक्काम ४०,०००, वक्ते आणि व्हॉलंटियरांचं जेवण १४,०००, छपाई आणि किरकोळ ६,०००, अडीअडचणीसाठी १५,०००. एकूण १,५०,०००.

दुसरा ढीग: दोन चहा, नाश्ता, जेवण, बिल्ला आणि ऑनलाइन पेमेंटचं कमिशन मिळून डोक्यामागे ५५०.

तिकीट १,८०० ठेवलं तर प्रत्येक तिकिटामागे १,२५० रुपये पहिल्या ढिगाकडे जातात. १,५०,००० भागिले १,२५० म्हणजे १२० तिकिटं. दीडशेच्या हॉलमध्ये १२० तिकिटं विकली की हिशेब बरोबरीत. ८० च विकली तर ५०,००० ची खोट. ती कोण सोसणार, हे हॉलची अनामत भरण्याआधी, सगळे आयोजक एकत्र बसलेले असताना ठरवा आणि कागदावर लिहा. मैत्री टिकवायची असेल तर हा कागद वक्त्यांच्या यादीपेक्षा महत्त्वाचा आहे.

खोट जास्त वाटत असेल तर पहिला ढीग लहान करा. बाहेरगावचे वक्ते सहाऐवजी तीन, लहान हॉल, साधं रेकॉर्डिंग. तिकिटं जास्त विकली जातील अशी आशा धरून गणित जुळवू नका.

जीएसटी लागतो का? पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे?

कोणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नका. नोंदणीकृत संस्था, कलम ८ ची (नफा वाटून न घेणारी) कंपनी किंवा आयोजकांपैकी कोणाची चालू स्थितीतली फर्म, यांपैकी एक निवडा आणि वेगळं खातं ठेवा.

सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. पण ज्या फर्मच्या नावाने तिकिटं विकता तिची नोंदणी असेल तर तिकिटावर १८ टक्के लागतात. हे विसरलात तर वरचं गणित कोसळतं: १,८०० त जीएसटी धरला असेल तर हातात १,५२५ च येतात, प्रत्येक तिकिटामागे ९७५ उरतात आणि बरोबरीसाठी १५४ तिकिटं लागतात. हॉल दीडशेचा! खर्चावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळून थोडं हलकं होतं, पण त्या भरवशावर किंमत ठरवू नका. स्पॉन्सरशिपवरचा जीएसटी कोणी भरायचा, हे आयोजक कंपनी आहे की नाही यावर अवलंबून असतं. सीएला एकदा भेटा. त्यांची फी हा या सगळ्यातला सर्वात चांगला खर्च आहे.

तिकीट फुकट ठेवलं तर जास्त लोक येतील ना?

नावं जास्त येतील. माणसं किती येतील ते कोणीच सांगू शकत नाही, आणि केटररला तीन दिवस आधी आकडा द्यायचा असतो. अन्न वाया जातं, किंवा पुरत नाही. शिवाय यादी भरली म्हणून ज्याला परत पाठवलं त्याला खरंच यायचं होतं. ३०० रुपये ठेवले तरी चित्र बदलतं.

विद्यार्थी आणि नोकरी गेलेले लोक यांच्यासाठी आम्ही काही जागा कमी दरात ठेवतो. त्यासाठी पुरावा मागत नाही; दोन ओळी लिहून पाठवा, एवढंच सांगतो. तिकीट दुसऱ्याच्या नावावर करण्याची सोय मात्र नक्की द्या. ज्याला जमत नाही तो सहकाऱ्याला पाठवतो, आणि पैसे परत करण्याचा व्याप बराच कमी होतो.

स्पॉन्सरकडे कसं जायचं?

मोठ्या कंपनीच्या मार्केटिंग विभागाला ईमेल पाठवून बसू नका. त्या कंपनीत काम करणाऱ्या, तुमच्याकडे तिकीट काढून येणाऱ्या माणसाला गाठा. तो आत जाऊन म्हणतो, ‘आपल्याला फ्रंटएंडची माणसं मिळत नाहीत, इथे शंभरजण एका दिवसात भेटतील,’ आणि काम पुढे सरकतं.

होकार आला म्हणजे पैसे आले असं नाही. व्हेंडर नोंदणी, पॅन, रद्द केलेला चेक, पर्चेस ऑर्डर, बिल आणि मग ४५ किंवा ६० दिवस अशी वाट असते. पैसे येतात तेही टीडीएस कापून, आणि तो परत मिळवायला पुढच्या विवरणपत्रापर्यंत थांबावं लागतं. म्हणून सुरुवातीचं मत पुन्हा ठासून सांगतो. आम्हाला तोंडी होकार दिलेल्या एका कंपनीने कार्यक्रमाला तीन आठवडे असताना बजेट गोठल्याचं कळवलं. त्या पैशांवर फक्त टी-शर्ट अवलंबून होते, म्हणून टी-शर्ट गेले आणि बाकी सगळं जसंच्या तसं झालं. हॉल अवलंबून असता तर?

स्पॉन्सरच्या पैशांतून करायच्या गोष्टींची वेगळी यादी ठेवा, महत्त्वाच्या क्रमाने: कमी दरातली तिकिटं, वक्त्यांचं मानधन, चांगलं रेकॉर्डिंग, शेवटी टी-शर्ट. पैसे बँकेत पडले की त्या क्रमाने एकेक गोष्ट करायला घ्या.

स्पॉन्सर भाषणाचा वेळ आणि सहभागींचे फोन नंबर मागतात. द्यायचे?

भाषण नाही. चहाच्या जागेत टेबल, वेबसाइटवर नाव, मंचावरून मनापासून आभार. त्यांच्याकडे चांगला वक्ता असेल तर त्याने सगळ्यांसारखा विषय पाठवावा आणि निवडला जावा.

फोन नंबर आणि ईमेल तर कधीच नाहीत. लोकांनी ते तिकिटासाठी दिलेले असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची. कायदा नसता तरी आमचं उत्तर हेच असतं. ज्याला नोकरीची चौकशी करायची आहे तो टेबलापाशी जाऊन स्वतः नंबर देतो, आणि स्पॉन्सरलाही तोच उपयोगाचा असतो.

वक्ते कसे निवडता?

विषय मागवतो, नावं झाकून पहिली फेरी करतो आणि दुसऱ्या फेरीत नावं उघडून समतोल बघतो: सगळे पुण्याचेच झालेत का, सगळे एकाच कंपनीचे आहेत का, बायका किती आहेत. बायकांकडून विषय कमी येत असतील तर ‘अर्जच आले नाहीत’ म्हणून हात झटकू नका. ज्यांचं काम तुम्ही पाहिलंय त्यांना फोन करा आणि अमुक प्रोजेक्टवर बोला असं नेमकं सांगा. ‘काहीतरी बोला’ या विनंतीला बहुतेकजण नाही म्हणतात. ‘तुम्ही सरकारी साइट मोबाइलवर चालती केलीत, ते कसं केलंत ते सांगा’ याला होकार येतो.

वेळेचं एक बंधन लक्षात ठेवा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. बाहेरगावचे वक्ते ७० दिवस आधी पक्के झाले तर तिकीट रेल्वेने, स्वस्तात मिळतं. उशीर केला की विमान किंवा रात्रीची खासगी बस, आणि वक्ता डोळे चोळत मंचावर.

प्रत्येक वक्त्याची एक तालीम व्हिडिओ कॉलवर घ्या, अनुभवी वक्त्याचीही. भाषण पंचवीस मिनिटांचं असेल तर तालमीत बावीसमध्ये संपलं पाहिजे. पहिल्यांदा बोलणाऱ्याला आम्ही एवढंच सांगतो: स्वतःची ओळख एका वाक्यात, आणि दुसऱ्या मिनिटाला प्रश्न मांडून मोकळं व्हा.

मानधन द्यायचं का?

प्रवास आणि मुक्काम तर द्यायलाच हवा, आणि तोही आगाऊ. ‘बिलं पाठवा, नंतर देऊ’ म्हटलं की फ्रीलान्सर आणि विद्यार्थी गप्पपणे नकार देतात. वर्डकॅम्पसारख्या (वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या कॉन्फरन्स) स्वयंसेवी परंपरेत वक्त्यांना मानधन नसतं, आणि तिथे ते शोभतं, कारण आयोजकही काही घेत नाहीत आणि तिकीटही अगदी कमी असतं. तुमच्या कार्यक्रमातून कोणालाही नफा होत असेल तर वक्त्यांना मानधन देणं रास्त आहे.

भाषणं मराठीत ठेवायची की इंग्रजीत?

ज्या भाषेत वक्ता मोकळेपणाने बोलतो त्या भाषेत. पुण्यात येणाऱ्यांत केरळ, बिहार, बंगालचे लोक असतात, त्यांना पूर्ण मराठी दिवस झेपणार नाही. पण सगळं इंग्रजीत ठेवलं की प्रश्नोत्तरांत ठरावीक चारजणच बोलतात, हेही आम्ही पाहिलंय. म्हणून वेळापत्रकात प्रत्येक भाषणापुढे भाषा लिहितो, स्लाइडवरचे मथळे इंग्रजीत चालतात, आणि प्रश्न मराठी, हिंदी, इंग्रजी कशातही विचारा असं सूत्रसंचालक प्रत्येक भाषणानंतर सांगतो. सूत्रसंचालकाने स्वतः पहिला प्रश्न मराठीत विचारला की मागच्या रांगांतून हात वर येतात. कोल्हापूर किंवा नाशिकला करत असाल तर बिनधास्त मराठीला झुकतं माप द्या. ‘कॅशे’ आणि ‘कंपोनंट’ला प्रतिशब्द शोधत बसायचं कारण नाही, रोज कामावर बोलतो तशीच मराठी मंचावर चालते.

मराठी स्लाइडच्या बाबतीत एक सूचना. हॉलच्या लॅपटॉपवर वक्त्याचा फॉन्ट नसतो आणि काही सॉफ्टवेअरांना देवनागरीची जुळवणी जमत नाही. ‘प्रक्रिया’तली जोडाक्षरं सुटून पाय मोडलेली अक्षरं दिसतात, किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. स्लाइड पीडीएफ करून, फॉन्ट त्यात बसवून मागवा आणि आदल्या दिवशी हॉलच्या पडद्यावर पानं उलटून बघा. फॉन्ट नसेल तर मुक्ता आणि बालू हे ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे दोन्ही फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि लांबून चांगले वाचता येतात.

दिवसाचं वेळापत्रक कसं आखावं?

सहा भाषणं पुरतात. आठ झाली की चहाच्या सुट्ट्या दहा मिनिटांवर येतात, आणि लोक तर त्या सुट्ट्यांसाठी आलेले असतात. आम्ही दोन्ही चहांना अर्धा-अर्धा तास आणि जेवणाला सव्वा तास देतो. कार्यक्रम मागे पडला तर भाषण कापू, सुट्टी कापणार नाही, हे सूत्रसंचालकाला पक्कं सांगून ठेवा.

जेवणानंतरचा पहिला तास आम्ही खुला ठेवतो. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला पहिला बारकॅम्प झाला, तिथली कल्पना: विषय आधी ठरलेले नसतात, आलेली माणसं फळ्यावर विषय लिहितात आणि ज्याला ज्यात रस त्या घोळक्यात जाऊन बसतात. भरल्या पोटी अंधाऱ्या हॉलमध्ये भाषण ऐकण्यापेक्षा खुर्च्या गोल करून बसलेलं बरं. ग्राहक पैसे थकवतात तेव्हा काय करायचं, या विषयावरचा घोळका दरवेळी सर्वात मोठा असतो.

जेवणाचं काय?

रांगेचं गणित करा. एका माणसाला ताट वाढून घ्यायला वीस सेकंद धरली तर दीडशे माणसांच्या एका रांगेला ५० मिनिटं लागतात. दोन टेबलं लावून दोन्ही बाजूंनी वाढून घेता आलं की चार रांगा होतात आणि तेच काम १३ मिनिटांत होतं. केटररला टेबलं भिंतीला लावायची सवय असते, उभं राहून ती मधे घ्यायला लावा.

शनिवारचा उपास करणारे असतात, एकादशी किंवा संकष्टी त्याच दिवशी आली तर आणखी. नोंदणीच्या फॉर्ममध्ये उपास, जैन, आणि कशाची अॅलर्जी हे तिन्ही विचारा. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचा कूट असतो, तेव्हा तिच्यापुढे तशी पाटी हवी. पुरी आणि श्रीखंडाचा मोह आवरा. साधी पोळी, भाजी, वरणभात, कोशिंबीर यावर लोक खूष असतात आणि जागेही राहतात. वक्ता आणि व्हॉलंटियर यांची ताटं आधी काढून ठेवा.

बिल्ल्यावर काय छापायचं?

नाव. मोठं, दोन्ही बाजूंना, कारण गळ्यातला बिल्ला हमखास उलटा होतो. पहिलं नाव तीन हातांवरून वाचता आलं पाहिजे. आम्ही देवनागरी आणि रोमन दोन्ही छापतो, आणि देवनागरी नाव ज्याचं त्यालाच फॉर्ममध्ये लिहायला सांगतो. स्पॉन्सरचं चिन्ह खाली, लहान.

वायफाय द्यायचं का?

वचन देऊ नका. दीडशे लोक, प्रत्येकाचा फोन आणि लॅपटॉप, हा भार कॉलेजच्या किंवा हॉलच्या वायफायला पेलत नाही. कार्यशाळा असेल तर लागणाऱ्या फाइल आठवडाभर आधी उतरवून घ्यायला सांगा आणि चार-पाच पेनड्राइव्ह भरून ठेवा. मंचासाठी मात्र वेगळं, तारेचं कनेक्शन घ्या.

रेकॉर्डिंगवर किती खर्च करावा?

आवाजावर करा, चित्रावर नको. कॉलरला लावायचा माईक घ्या, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट आवाज रेकॉर्डरमध्ये घ्या आणि स्लाइड वेगळ्या रेकॉर्ड करा. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात माईक गेल्याशिवाय वक्त्याने उत्तर सुरू करू नये, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसती उत्तरंच ऐकू येतात. वक्त्याची लेखी परवानगी घ्या. सुट्टीत स्पीकरवर गाणी लावणार असाल तर त्याचा परवाना लागतो, त्यापेक्षा न लावलेली बरी. लोकांना बोलायचं असतं.

आचारसंहिता छोट्या कार्यक्रमाला खरंच लागते?

लागते. वेबसाइटवर एक पान टाकून भागत नाही. दोन माणसं नेमा, त्यांत किमान एक बाई असावी. त्यांचे फोटो आणि फोन नंबर बिल्ल्याच्या मागे आणि स्वच्छतागृहाच्या दारावर लावा. तक्रार आली तर ऐकून कोण घेणार, निर्णय कोण देणार, आणि समोरचा वक्ता किंवा स्पॉन्सरचा माणूस असला तर काय करणार, हे आधी ठरवा. तक्रार करणाऱ्याला संध्याकाळपर्यंत उत्तर मिळालं पाहिजे. एकटीने येणाऱ्या मुली फॉर्म भरण्याआधी हे पान शोधतात, असं आम्हाला अनेकींनी सांगितलंय.

व्हॉलंटियर किती लागतात?

दीडशे लोकांना बारा पुरे. प्रत्येकाचं काम एका कागदावर लिहून द्या: कुठे, किती ते किती, अडचण आली तर कोणाला फोन. प्रत्येकाला किमान तीन भाषणं बसून ऐकता येतील अशा पाळ्या लावा. ती मुलं नुसत्या सतरंज्या उचलायला आलेली नाहीत. आमच्या दोन वक्त्यांची सुरुवात नोंदणीच्या टेबलापासून झाली आहे.

ऐनवेळी रद्द करावी लागली तर?

हॉल आणि केटररच्या करारात तारीख बदलण्याची अट आधीच घाला. ‘रद्द’ला पैसे बुडतात, ‘पुढे ढकलणं’ बहुतेकांना मान्य असतं. वर्डकॅम्प एशिया २१ फेब्रुवारी २०२० पासून बँकॉकमध्ये व्हायचं होतं. कोरोनामुळे ते १२ तारखेला, नऊ दिवस आधी, रद्द झालं. जगभरातून लोकांनी विमानाची तिकिटं काढलेली होती. एवढ्या मोठ्या संस्थेवर अशी वेळ येते तर आपल्यावरही येऊ शकते. तिकिटाचे पैसे शक्यतो कार्यक्रम होईपर्यंत खर्च न करता ठेवा. अनामती भरायला आयोजकांनी सुरुवातीला सारखी वर्गणी काढलेली असली की ते जमतं.

कार्यक्रम झाल्यावर काय उरतं?

हिशेब. आठ दिवसांत सगळी बिलं चुकती करा, सर्वात आधी साउंडवाल्याचं आणि केटररचं, कारण पुढच्या वेळी तेच तुम्हाला सांभाळून घेतात. महिन्याभरात जमाखर्च वेबसाइटवर टाका: किती तिकिटं, कोणत्या स्पॉन्सरचे किती, कशावर किती गेले, किती उरले आणि उरलेले कुठे ठेवलेत. आम्ही टाकतो तेव्हा दुसऱ्या गावातले लोक तेच आकडे घेऊन आपलं गणित मांडतात. तुम्ही भरवलीत तर तुमचेही आकडे टाका आणि आम्हाला कळवा. जमेल त्या कॉन्फरन्सला आम्ही तिकीट काढून येऊ.